प्लग ओढणारे भाऊजी

माझ्या मावसदिरांनी आयुष्यात एकही वस्तू सरळपणे वापरायला घेतली नाही. आधी ती मोडते कशी ते पाहिलं आणि मगच तिच्यावर विश्वास टाकला. नवी छत्री आणली की ते गच्चीवर जाऊन ती वाऱ्यासमोर धरत आणि उलटी होईपर्यंत खाली येत नसत. कुलूप आणलं की किल्ली जाऊबाईंच्या हातात देऊन स्वतः दाराबाहेर राहत आणि केसांच्या आकड्याने ते उघडायला बसत. एकदा ते खरंच उघडलं. तर डोंबिवलीहून थेट कल्याणच्या बाजारात गेले आणि दुकानदारासमोर पुन्हा उघडून दाखवलं. दुकानदाराने पैसे परत केले, हात जोडले आणि हळूच विचारलं, "काका, हाच धंदा आहे का तुमचा?" नव्या डॉक्टरकडे तर ते पहिल्या खेपेला काहीही होत नसताना जात. जो "तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा" म्हणेल तो आपला डॉक्टर, असा त्यांचा हिशेब होता. असा डॉक्टर मिळायला त्यांना सहा दवाखाने लागले, आणि पाच ठिकाणच्या गोळ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, पुरावा म्हणून. या सगळ्याची मी पंधरा वर्षं भरपूर चेष्टा केली. ती माझ्यावर कशी उलटली, ते आज लिहिते आहे.

त्यांचा दोष म्हणावा तर त्यांच्या नोकरीचा होता. कोलशेतला विजेची बटणं आणि सॉकेट बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या तपासणी विभागात भाऊजींनी बावीस वर्षं काढली. काम एकच: बटण चालू-बंद, चालू-बंद करत राहायचं आणि ते कधी मोडतं याची वाट बघायची. दाबायला यंत्र होतं, पण वाट बघायला माणूस लागे. "वहिनी, चांगलं बटण कुठलं हे मला कोणी विचारत नाही," ते सांगत, "कुठलं कसं मोडलं एवढंच विचारतात. मोडलं आणि ठिणगी उडाली तर वाईट. मोडलं आणि गप बसलं तर चांगलं." लग्नाच्या बाबतीतही त्यांनी हीच पद्धत वापरली. जाऊबाईंना बघायला गेले, पोहे खाल्ले, नमस्कार करून निघाले आणि छत्री मुद्दाम तिथेच ठेवली. अर्ध्या तासाने एकटेच परत. घरातल्या लोकांनी पाहुण्यांसाठी घातलेले चेहरे एव्हाना उतरवलेले असणार, ते बघायचे होते. जाऊबाई ओट्यापाशी उभ्या राहून कढईतले उरलेले पोहे खात होत्या. दचकल्या नाहीत, लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "छत्री कोपऱ्यात आहे. आणि बसणार असाल तर बसा, पोहे उरलेत." भाऊजी बसले. ते लग्न ठरलंच म्हणायचं.

पण त्यांच्या सगळ्या चाचण्यांचा कळस म्हणजे महिन्याचा पहिला शुक्रवार. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी आणि डोंबिवलीत हमखास वीज जायची. त्या दिवशी भाऊजी घरात "नसत." म्हणजे ते खुर्चीतच असत, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत, बनियन घालून, पेपर उघडून. पण आपण नाही असं धरून घराने चालून दाखवायचं, असा नियम होता. मी पहिल्यांदा अशा शुक्रवारी गेले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. जाऊबाईंनी दार उघडलं आणि शांतपणे सांगितलं, "हे आज नाहीत."

"अगं, हे काय, बसलेत ना समोर!"

"ते आज नाहीत, ताई. पहिला शुक्रवार आहे. या ना आत."

मी आत गेले. भाऊजींनी पान उलटलं. आत दूध उतू गेलं, त्यांनी वास घेतला आणि अग्रलेखात डोकं घातलं. मग वरची टाकी भरून वाहू लागली आणि पाणी बाल्कनीतून खोलीत आलं, तेव्हा त्यांनी फक्त दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. जाऊबाईंनी कॉक बंद केला, फरशी पुसली, मग मीटरच्या डब्यात उडालेल्या फ्यूजला नवी तार गुंडाळली आणि हात धुऊन माझ्यासाठी चहा टाकला. सहा वाजले तसे भाऊजी पेपरची घडी करत म्हणाले, "अरे वा, वहिनी! कधी आलात?"

आता माझ्याविषयी. मी काहीही मोडून बघत नाही. मी यादी करते. नौपाड्यातल्या औषधांच्या एका घाऊक एजन्सीचं ऑफिस मी वीस वर्षं सांभाळलं आणि ते याद्यांवर सांभाळलं. माझ्याकडे रोजची यादी, आठवड्याची यादी, आणि कुठली यादी कुठे आहे याचीही एक यादी होती. घरच्या गणपतीच्या तयारीच्या यादीत "गणपती आणणे" ही ओळ अकरावी होती, आणि एका वर्षी दहावी ओळ अडली म्हणून नवऱ्याने मला घाबरत विचारलं होतं की अकरावी आधी केली तर चालेल का. ज्या ओळीपुढे बरोबरची खूण आहे ते काम झालं, आणि ज्यापुढे नाही ते झालं नाही. जगाची याहून चांगली वाटणी अजून कोणी केलेली नाही, अशी माझी समजूत होती.

ही समजूत हलली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी, आमच्या कॉम्प्युटरमुळे. आमच्या जुन्या प्रोग्रॅमला सालाचे शेवटचे दोनच आकडे कळत. त्यामुळे दोन हजार एक साली मुदत संपणारं ताजं औषध आलं की त्याला ते एकोणीसशे एक साली बाद झालेलं वाटे, आणि तो बिल करायला साफ नकार देई. गोदामात कोऱ्या खोक्यांचा ढीग आणि पडद्यावर "मुदत संपली." मालक म्हणाले, "बाई, नवीन काहीतरी बघा. मला त्यातलं कळत नाही. 'भरवशाचं आहे' असं लिहून तुम्ही खाली सही करा, ते आपण घेऊ."

सही करायला माझा हात कधी अडत नाही, पण या वेळी अडला. कारण औषधाच्या धंद्यात खरा जीव बॅच नंबरात असतो. एखाद्या बॅचमध्ये खोट निघाली तर कंपनी ती परत मागवते, आणि त्या क्षणी आपल्याला सांगता आलं पाहिजे की त्या बॅचची खोकी मुंब्र्यापासून टिटवाळ्यापर्यंत कुठल्या कुठल्या दुकानात गेली. नोंद चुकली तर एक वाईट बाटली कुठल्यातरी फळीवर गुपचूप बसून राहणार, आणि कोणाचं तरी मूल ती पिणार. खाली सही माझी.

मी अर्थातच यादी केली. एकतीस प्रश्न. कंपनीचं पूर्ण नाव, स्थापना, हमीचा काळ, फॅक्स नंबर, बिघाड झाल्यास माणूस किती तासांत येतो, वगैरे. एका मोठ्या कंपनीचा विक्रेता टाय लावून आला आणि एकतीसपैकी एकतीस खुणा घेऊन गेला. मी इतकी खूश झाले की त्याला दुसरा चहा दिला.

त्याच रविवारी भाऊजी घरी आले. कारखान्यातून त्यांनी नुकतीच मुदतीआधी निवृत्ती घेतली होती आणि मोडायला काही उरलं नाही म्हणून कॉम्प्युटर शिकले होते. खिशातून त्यांनी एका मासिकाबरोबर आलेली चकती काढली. "वहिनी, हा डेटाबेस. तुमच्या सगळ्या नोंदी यात राहतात. ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे आतली सगळी वीण उघडी, कोणीही बघावी, कोणीही सुधारावी. आणि फुकट."

मी यादी काढली. "कंपनीचं नाव?"

"नाही."

"मालक कोण?"

"तसा कोणी नाही. जगभरातली माणसं मिळून करतात."

"पगार?"

"बऱ्याच जणांना नाही."

"मग करतात कशाला?"

"तुम्ही गणपतीची अकरा पानी यादी कशाला करता?"

मी चिडून पुढे गेले. हमी नाही, फॅक्स नाही, टाय नाही. एकतीसपैकी चार खुणा झाल्या, त्यातली एक "भाषा: इंग्रजी" या ओळीपुढची होती. "भाऊजी," मी म्हटलं, "फुकट मिळालेल्या चकतीवर मी लहान मुलांची औषधं ठेवू?"

"मुळीच नको. आधी मोडून बघू. फुकट वस्तूचा हाच फायदा, मोडताना लाज वाटत नाही. आणि त्या टायवाल्यालाही बोलवा."

परीक्षा शनिवारी दुपारी ऑफिसात झाली. आमच्याकडे प्रोग्रॅम लिहिणारी संध्या हजर होती. चेंदणी कोळीवाड्यातली, पंचविशीतली, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. भाऊजींनी दोन मशीन शेजारी शेजारी मांडायला लावली, एकावर टायवाल्याचा प्रोग्रॅम, दुसऱ्यावर फुकट चकती आणि तिच्यावर संध्याने लिहिलेला बिलाचा प्रोग्रॅम. "बिल करायला घ्या. दहा खोकी, एक दुकान," ते म्हणाले. टायवाला बिल करू लागला. नोंद अर्ध्यावर आली आणि भाऊजींनी भिंतीतला प्लग ओढला.

"अहो! अहो काका!" टायवाला उभाच राहिला. "असा प्लग काढायचा नसतो!"

"मी काढत नाही. शुक्रवारी वीज मंडळ काढतं."

प्लग परत लावला. टायवाल्याचं मशीन सुरू झालं, पण त्याचा प्रोग्रॅम काही उठेना. पडद्यावर इंग्रजीत दिलगिरी आली आणि तिथेच थांबली. त्याने फोन केला. सोमवारी माणूस येईल असं कळलं. माझ्या यादीत "चोवीस तासांत माणूस" यापुढे जी सुंदर खूण होती, तिच्याकडे मी बघत राहिले.

मग फुकट चकती. पुन्हा बिल, पुन्हा अर्ध्यावर प्लग. ती मात्र उठली. मला हायसं वाटलं, तेवढ्यात संध्या म्हणाली, "थांबा मॅडम. साठ्यातून दहा खोकी कमी झालीत, पण दुकानाच्या नावावर चढलेलीच नाहीत. गेली कुठे मग?"

हे पहिल्यापेक्षा वाईट होतं. उठत नाही ते निदान कळतं तरी. इथे मशीन हसतमुख होतं आणि दहा खोकी हवेत विरली होती. मी पेनचं टोपण लावलं. "झालं भाऊजी. दोघंही नापास."

भाऊजींचा चेहरा मात्र उजळला होता. बावीस वर्षं बटण मोडण्याची वाट बघितलेल्या माणसाचा चेहरा तो. "मोडलं ना? आता खरी परीक्षा. मोडलं म्हणून सांगितल्यावर काय म्हणतात ते बघायचं."

त्यांनी घरी जाऊन काय घडलं ते सविस्तर लिहून त्या जगभरच्या माणसांना ई-मेलने पाठवलं. मी म्हटलं, उत्तर येईल तेव्हा माझी निवृत्ती झालेली असेल. सोमवारी सकाळी ते कागद घेऊन ऑफिसात हजर. कुठल्या देशातला कोण माणूस, नाव उच्चारता येत नव्हतं. त्याने लिहिलं होतं की तुम्ही दोन्ही नोंदी सुट्या सुट्या करता, त्या एकत्र बांधा. मग दोन्ही होतील नाहीतर एकही होणार नाही. बांधायचं कसं तेही लिहिलं होतं. वर, त्यातला एक छोटा दोष आमचाच आहे, तो यादीत घातला आहे, पुढच्या आवृत्तीत जाईल, अशी कबुली होती.

"यादीत?" मी कान टवकारले. "कुठली यादी?"

भाऊजींनी दुसरा कागद पुढे केला. त्या लोकांनी आपल्याच वस्तूतल्या सगळ्या दोषांची यादी करून जगासमोर टांगली होती. अनुक्रमांक, दोष काय, कोणाला सापडला, कोण दुरुस्त करतंय, झाला की नाही. झालेल्यापुढे खूण. मी ती तीनदा वाचली. टायवाल्याला मी प्रश्न क्रमांक बावीस विचारला होता, "दोष आहेत का?" आणि तो "नाहीत मॅडम" म्हणाल्यावर मी आनंदाने खूण केली होती. खरं सांगते, माझं मन त्या क्षणी फिरलं, आणि ते कुठल्याही तांत्रिक कारणाने फिरलं नाही. इतकी नेटकी यादी करणारी माणसं वाईट असूच शकत नाहीत असं मला वाटलं. भाऊजींना ते कळलं असावं, कारण ते म्हणाले, "वहिनी, यादीवर भाळू नका. परत प्लग ओढू."

पुढचे दोन महिने त्यांनी तो ओढला. बिल करताना, परत आलेला माल चढवताना, आम्ही जेवत असताना. संध्या एकदा वैतागली, "काका, आता काय मशीन खाडीत टाकून बघणार का?" भाऊजींनी खरोखरच क्षणभर विचार केला. मग तीच मला म्हणाली, "आमच्या बाबांची गत हीच आहे मॅडम. नवं जाळं आणलं की आई ओरडते, पण ते दोन्ही हातांनी ओढून फाडायलाच बघतात. फाटलं तर घरात फाटू दे म्हणतात." दहा खोकी पुन्हा हरवली नाहीत.

आणि मग माझी पाळी आली. भाऊजी म्हणाले, "आता बॅकअप. मशीनच जळालं असं समजा. कालपर्यंतच्या नोंदी परत आणून दाखवा." मी मनातल्या मनात हसले. रोज संध्याकाळी नोंदींची प्रत फ्लॉपीवर घेण्याचं काम मी तीन वर्षं एकही दिवस न चुकवता केलं होतं. फ्लॉप्या बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात, वारांप्रमाणे रंगीत चिकटपट्ट्या लावून. डब्याच्या बाहेरच्या अंगाला रोजच्या खुणांची यादी. मी तो डबा पूजेच्या तबकासारखा आणून टेबलावर ठेवला.

संध्याने सोमवारची फ्लॉपी घातली. काही नाही. मंगळवारची. काही नाही. बुधवारची घातल्यावर मशीनने विचारलं की ही फ्लॉपी कोरी आहे, वापरायला तयार करू का. शनिवारपर्यंत जाताना माझे कान गरम झाले होते. "रोज घेतलंय मी," मी म्हणत राहिले, "हे बघा, खुणा आहेत."

भाऊजी खुणांकडे बघत नव्हते. यादी डब्याला कशाने चिकटली आहे ते बघत होते. "वहिनी, हे लोहचुंबक कुठलं?"

ते लोहचुंबक आमच्या जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं होतं. तो रेडिओ भाऊजींनीच एका दिवाळीत तपासायला म्हणून उघडला होता आणि परत जोडला नव्हता. त्यातलं हे भलंदांडगं चुंबक मी काटकसरीने जपून ठेवलं आणि डब्यावर यादी लावायला वापरलं. फ्लॉपीवरच्या नोंदी चुंबकानेच लिहिलेल्या असतात आणि चुंबकानेच पुसल्या जातात, हे मला त्या दिवशी कळलं. मी रोज संध्याकाळी प्रत डब्यात ठेवत होते, बाहेर खूण करत होते, आणि ती खूण धरून ठेवणारं चुंबक आतली प्रत पुसत होतं. तीन वर्षं. एकही दिवस न चुकवता. नशीब एवढंच की तीन वर्षांत मशीन कधी जळालं नाही.

आधी संध्याला हसू फुटलं, मग भाऊजींना, आणि शेवटी मलाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. भाऊजी म्हणाले, "यादीत चूक नाही वहिनी. 'प्रत घेणे' लिहिलंत, 'प्रत उघडून बघणे' लिहायचं राहिलं." ती ओळ मी तिथल्या तिथे घातली. ती आजही माझ्या प्रत्येक यादीत आहे. हल्ली मी लोणच्याच्या बरण्याही उघडून बघते.

शेवटी सहीचा दिवस आला. रिकाम्या राहिलेल्या प्रश्नांतला सतरावा मला खटकत होता: "अडचण आल्यास कोणाला विचारायचं?" टायवाल्याने तिथे पाच फोन नंबर दिले होते. मी भाऊजींना म्हटलं, "इथे 'जगभरातली माणसं' असं लिहिलं तर मालक मला घरी पाठवतील." त्यांनी माझं पेन घेतलं आणि तिथे लिहिलं, "मी." पुढे डोंबिवलीच्या घरचा नंबर.

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?" मी आपलं कर्तव्य म्हणून विचारलं.

"म्हणून तर पहिल्या शुक्रवारी फोन करू नका," ते म्हणाले.

मी सही केली. पुढे जेमतेम पाच महिने गेले असतील. सकाळी अकराच्या सुमाराला एका औषध कंपनीचा फॅक्स आला: मुलांच्या तापाच्या औषधाची अमुक बॅच ताबडतोब परत मागवा, एकही बाटली विकली जाऊ देऊ नका. मी संध्याला यादी काढायला सांगितली आणि घाबरून पहिला फोन सतराव्या प्रश्नाच्या उत्तराला लावला.

"हे आज नाहीत, ताई," जाऊबाई म्हणाल्या.

मी कॅलेंडरकडे पाहिलं. महिन्याचा पहिला शुक्रवार. "अगं, लहान मुलांचं औषध आहे! दे त्यांना फोन."

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या, "काही बोलत नाहीत. पण पेपर खाली ठेवलाय."

तेवढ्यात आमचीही वीज गेली. प्रिंटरमधून यादी बाहेर येत होती ती अर्ध्यावर थांबली, अठराव्या दुकानाच्या नावाच्या मध्यावर. पंखा हळूहळू थांबत गेला तो आवाज मला अजून आठवतो. संध्या म्हणाली, "मॅडम, हे आपण पन्नासदा केलंय," पण तिचाही हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता. चाळीस मिनिटांनी वीज आली. मशीन उठलं. यादी पहिल्यापासून पुन्हा काढली: सव्वीस दुकानं, आणि पाठवलेली, उरलेली सगळी खोकी मिळून बेरीज बिनचूक. आम्ही दोन फोनवर बसलो. ज्यांच्याकडे फोन नव्हता तिथे रिक्षाने माणूस धाडला. मी एकेका नावापुढे खूण करत गेले, पण या वेळी "सांगितलं" याची नाही. समोरच्याने खोकं काढून बाजूला ठेवून त्यावरचा बॅच नंबर वाचून दाखवल्यावरच. सव्विसावं दुकान कल्याणच्या जुन्या बाजारातलं. तो दुकानदार म्हणाला, "बरं झालं बाई, खोकं आत्ताच फोडायला घेतलंय. पहिली बाटली हातात आहे."

मी फोन ठेवला आणि मान वर केली. पाच वाजत आले होते. दाराजवळच्या खुर्चीत भाऊजी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वरचं एक बटण चुकीच्या भोकात. किती वेळ बसले होते कोण जाणे.

"भाऊजी! तुम्ही कधी आलात?"

"मी आलेलोच नाही," ते म्हणाले. "सव्वीसच्या सव्वीस?"

"सव्वीसच्या सव्वीस."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे बघत घाम पुसला. त्या दिवशी मला त्यांचा हा सगळा मोडण्याचा उद्योग कळला असं मी म्हणणार नाही. त्यांना धास्ती वाटायची, आणि ते ती आधीच वापरून संपवत, एवढं दिसलं.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही दोघांनी बसून नव्या सालाची यादी केली. दोन हजार साल उजाडलं की ऑफिसात काय काय तपासायचं, चौदा ओळी. भाऊजींना तो दिवस बघायची फार हौस होती. एवढी मोठी चाचणी त्यांना फुकट मिळणार होती, आणि प्लगसुद्धा ओढावा लागणार नव्हता. पण दिवाळीनंतर एका दुपारी ते वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. जाऊबाईंनी आधी लक्ष दिलं नाही. पहिला शुक्रवार होता.

तेराव्याला मी गेले तेव्हा घर सुरळीत चाललं होतं. बँकेचे कागद, गॅसचा नंबर, फ्यूजची तार, सगळं जिथल्या तिथे. जाऊबाई म्हणाल्या, "काही अडत नाही हो ताई. सगळं करून घेतलं होतं त्यांनी माझ्याकडून." मग त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. "फक्त तेव्हा ते तिथे असायचे."

एक जानेवारीला शनिवार होता. मी आणि संध्या सकाळी ऑफिसात गेलो आणि यादी घेऊन बसलो. तारीख बरोबर. मुदती बरोबर. जुनं बिल उघडलं, नवं केलं, अर्ध्यावर असताना मी प्लग ओढला, परत लावला. प्रत उघडून पाहिली. एकेक खूण करत मी चौदाव्या ओळीवर आले आणि सवयीने फोन उचलून नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजायला लागल्यावर मी ती ओळ नीट वाचली. माझ्याच अक्षरात होतं: "भाऊजींना फोन करून कळवणे."

फोन ठेवणार तोच जाऊबाईंनी उचलला. माझा नुसता श्वास ऐकून त्यांनी ओळखलं असावं. त्या सगळ्या शुक्रवारी म्हणत तशाच शांतपणे त्या म्हणाल्या, "हे आज नाहीत, ताई. काही निरोप आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "सांग, तारीख बरोबर आली. सगळं उठलं."

"सांगते," जाऊबाई म्हणाल्या.

मी चौदाव्या ओळीपुढे खूण केली.